हिल्डाबाईंनी गाजरं परत केली

बारामतीजवळच्या नव्या साखर कारखान्याची यंत्रं बसवायला हिल्डाबाईंच्या यजमानांना जर्मनीहून मुद्दाम आणलं होतं. बाईंना कुणी मुद्दाम आणलं नव्हतं. त्या आपल्या आल्या होत्या, कडेवर वर्षाचा पेटर घेऊन. घरचा बाजार कामवाली छबूबाई करायची, स्वयंपाकही तीच करायची, आणि मिरचीवाचून काही शिजतं हे तिला मान्यच नव्हतं. घास तोंडात गेला की पेटर लालबुंद. काळजीनं बाई वाळत चालल्या. अखेर त्या म्हणाल्या, "उद्या बाजार मी करणार. पेटरचे जेवणही मीच करणार."

"तुमी?" छबूबाई पदराआड हसली. "मोकळ्या हातानं आलात तर पुन्यांदा चुलीचं नाव काडायचं न्हाय, बगा."

बाई कॉलेजात शिकलेल्या. रात्रीत पुस्तकातली मराठी वाक्यं घोकून गुरुवारी त्या बाजारात गाजरं विकणाऱ्या पणदऱ्याच्या बनाबाईपुढं उभ्या राहिल्या.

"कृपया मला एक शेर गाजरे द्यावीत."

बनाबाईनं तोलायला घेतलं. बाईंची नजर तागडीवरून हलेना. पारडी अगदी बरोबरीत आली, आणि तेवढ्यात बनाबाईनं वर आणखी दोन गाजरं टाकली. चूक! दुसऱ्याचा माल असा घरी न्यायचा म्हणजे चोरीच की. बाईंनी ती दोन अलगद उचलून ढिगावर ठेवली.

बनाबाईचं तोंड उतरलं. "का वो मडमसायब, किडकी हायती व्हय?" तिनं चांगली चार निवडली, पदरानं पुसली आणि टाकली.

बाईंनी चारही परत ठेवली. "आपले वजन चुकत आहे."

शेजारी वरकुट्याचा जोतीराम भोपळे मांडून बसला होता. "आगं बनाक्का, मोटी मानसं दोन-चारावर भागत्यात व्हय? हात जरा सैल सोड की!"

बनाबाई इरेला पेटली. आठ पडली. आठ परत गेली. माणसं गोळा झाली.

"वरचं घेत न्हाय म्हंजी काय? माज्या हाताला काय झालंय?"

"सुतक आसंल त्यास्नी," मागून कुणीतरी समजूत घातली.

एवढ्यात कडेवरच्या पेटरनं वाकून ढिगातलं एक गाजर पळवलं आणि चघळायला लागला. बाईंनी ते त्याच्या तोंडातून ओढलं, रुमालानं पुसलं आणि ढिगावर ठेवून दिलं.

पेटरनं भोकाड पसरलं.

"लेकराच्या तोंडातलं काडतीस, बये?" बनाबाई गरजली. गाजर परत त्याच्या मुठीत गेलं.

बाई पेचात पडल्या. परत केलेलं या लोकांना चालत नाही, फुकटचं आपल्याला घेववत नाही. आता मोकळ्या हातानं छबूबाईपुढं जायचं? त्यांनी पर्समधून पेटरची दोन बिस्किटं काढली आणि समोरच्या पारड्यात, शेराच्या वजनावर ठेवली.

बनाबाईनं बिस्किटांकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. एक तोंडात टाकलं.

"आत्ता कसं!" म्हणत तिनं पारड्यातली गाजरं आणि वर अर्धा ढीग बाईंच्या पिशवीत लोटला. जोतीरामलाही राहवेना. त्यानं एक भोपळा पुढं केला आणि बिस्किटासाठी दुसरा हात पसरला.

घरी छबूबाईनं पिशवी पालथी केली. गाजरं पार उंबऱ्यापर्यंत घरंगळली.

"एका शेरावर येवडी? धा वर्सं बाजार करतीया, त्या बनीनं मला दोनावर तिसरं कदी घातलं न्हाय!"

ती चुलीपासून सरकली. बाईंनी गाजरं उकडली. ना मिरची, ना मसाला. पेटरनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

"चूल तुमची, बाई," छबूबाई जमिनीवरच्या ढिगाकडं बघत म्हणाली, "पर एवडी गाजरं आमीबी अशीच अळणी खायाची का?"