भिडू की बिडू

थोरल्या नातीला, महामायाला, पहिला मुलगा झाला आणि त्याचं नाव प्रेम ठेवलं, त्या सालची ही गोष्ट. मुखेडच्या घरात नामकरणाच्या लाडवांचा वास अजून गेला नव्हता, तोच धाकटी नात समीक्षा लातूरला टेनिस खेळायला निघाली. चांगुणाबाईंनीही आपली पिशवी भरली.

"आई, तुला तिथलं काय कळणार?" मुलगा आनंदराज म्हणाला.

"तू गणितात पास झालास तवा मला कुठं गणित येत होतं? पेढे वाटलेच की मी."

खेळ कळत नव्हता हे खरं. पण नातीचं काय पणाला लागलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. समीक्षा दुहेरी खेळायची. शाळा-कॉलेजात तिनं ढालींनी कपाट भरलं. मात्र देशोदेशीच्या व्यावसायिक पोरी जिथं उतरतात, त्या मोठ्या स्पर्धांत तिला एकदाही पहिली फेरी ओलांडता आली नव्हती. आनंदराज नांदेडला नोकरीला. त्यानं शांतपणे सांगून टाकलं होतं, "लातूरला एक मॅच जिंक, आणखी वर्षभर खेळ, मी हूं का चूं करणार न्हाई. हरलीस तर तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं." समीक्षानं मान हलवली होती. बापाचा शब्द वाकडा नव्हता, हीच तर पंचाईत.

त्यात जोडीदारीण पुण्याची, तिचा पाय आदल्या दिवशी मुरगळला. ऐनवेळी उदगीरच्या शिवकन्येशी जोडी जमवली. दोघींनी एकत्र एक चेंडूसुद्धा मारलेला नव्हता.

चांगुणाबाई कोर्टाच्या जाळीलगतच्या पायरीवर बसल्या. शेजारी कपाळाला विभूती लावलेल्या एक बाई येऊन टेकल्या.

"ती डावखुरी हाय न्हवं, ती माझी नात. शिवकन्या. मी उमादेवी."

"अन् ती उंच, ती माझी."

"उंच हाय, पण खायला घालता का न्हाई तिला?"

चांगुणाबाईंनी हसत धपाट्यांचं फडकं सोडलं. या आपल्या हातचं खातील का, या विचारानं पुढं करता करता हात जरा थांबला. उमादेवींनी तो थांबलेला हात बघितला, सरळ एक धपाटं उचललं आणि म्हणाल्या, "नुसतंच खाऊ घालून राहिल्या? चटणी न्हाई आणली?"

"आणली की. लई तिखट हाय."

"उदगीरच्या बाईला तिखटाचं भ्या दाखवता व्हय!"

इकडं गट्टी जमली, तिकडं कोर्टावर मात्र पहिल्या सेटचं पार वाटोळं होऊन राहिलं होतं. समोर एक थायलंडची पोरगी आणि एक गुजरातची. दोघी हुशार. समीक्षाच्या डोक्यावरून चेंडू उंच उंच उडवायच्या. चेंडू उडाला की मागून शिवकन्येची आरोळी यायची, आणि समीक्षा जीव खाऊन उडी मारायची. चेंडू कधी जाळीत, कधी कुंपणाला. मग शिवकन्या कपाळावर हात मारायची आणि समीक्षा तिच्याकडं डोळे वटारून बघायची. सेट सहा-दोन गेला. आनंदराज केव्हाच उठून पाण्याच्या टाकीमागं येरझाऱ्या घालायला लागला होता.

"तुमच्या पोरीला माया लई," चांगुणाबाई म्हणाल्या. "हरत्यात तरी सारखी भिडू, भिडू करून हाका मारती."

उमादेवींना धपाट्याचा ठसकाच लागला. "भिडू न्हाई वो आक्का! बिडू! आमच्या घरात कन्नड चालतंय. बिडू म्हंजे सोड! चेंडू बाहेर चाललाय, सोड म्हणतीय ती, अन् तुमची नात धावून धावून मारतीय!"

"अगं बाई! मग मराठीत सांगावं की."

"घाबरली की तिच्या तोंडात मराठी येतच न्हाई. लहानपणी पडली तरी कन्नडातच रडायची."

चांगुणाबाई उठल्या ते थेट कुंपणाच्या जाळीला चिकटल्या. "समे! ए समे! भिडू न्हाई, बिडू! बिडू म्हंजे सोड!"

उंच खुर्चीवरच्या पंचबाईनं खाली बघितलं. "आजी, बसून घ्या."

"बसते माय, सांगून तर होऊ दे!"

सगळी पायरी खदखदली. बाकावर पाणी पीत बसलेल्या दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"सोड?" समीक्षा म्हणाली.

"मग काय! घसा फोडून सोड म्हणून राहिले मी. मला वाटलं ही लई आगाव हाय, कुणाचं ऐकतच न्हाई."

"अन् मला वाटलं, तू बोलावतीस म्हणून मी मारायचं अन् वर तुझी बोलणी पण खायची!"

शिवकन्येच्या नाकातून पाणी आलं. त्या दोघी अशा हसायला लागल्या की समोरच्या पोरींना शंका आली, या हरल्यात की जिंकल्यात.

तिथून वारं फिरलं. "बिडू!" आली की समीक्षा रॅकेट खाली घ्यायची आणि चेंडू रेषेबाहेर जाऊन पडायचा. समोरच्यांनी उडवाउडवी सोडली. मग शिवकन्येचा डावा हात चालायला लागला. दुसरा सेट या दोघींनी घेतला. आता राहिली दहा गुणांची शेवटची झटापट. त्यात नऊ-आठ झालं, या दोघींना एकच गुण हवा होता. चांगुणाबाईंना आकडे समजत नव्हते, पण उमादेवींनी त्यांचं मनगट आवळलं होतं, त्यावरून सगळं समजत होतं.

चेंडू आला तो शिवकन्येकडंच, खांद्याएवढा, जोरात. तिनं हात मागं नेला. आणि मुखेडची पोर बेंबीच्या देठापासून ओरडली, "बिडूऽऽ!"

शिवकन्येचा हात जागीच थबकला. चेंडू तिच्या कानाजवळून गेला आणि रेषेच्या चार बोटं पलीकडं पडला.

"ऐकलं का आक्का?" उमादेवी टाळ्या पिटत म्हणाल्या. "माझ्याच नातीला कन्नडात हुकूम सोडती!"

टाळ्या ऐकून आनंदराज टाकीमागून आला. चेहरा पार उतरलेला. "कोण जिंकलं?"

"सरकारला कळव," चांगुणाबाई म्हणाल्या, "तलाठ्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं."

आनंदराज आधी हसला आणि मग पाठ फिरवून उगीच चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी पोरी सपाटून हरल्या. कुणाला काही वाटलं नाही. वर्षभर त्या जोडीनं खेळत राहिल्या, कधी जिंकल्या, पुष्कळदा हरल्या. प्रत्येक मॅचनंतर उदगीरचा फोन मुखेडला यायचा आणि दोन म्हाताऱ्या तासभर पोरींना नावं ठेवायच्या.

उमादेवी त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सकाळी, उदगीरला वारल्या.