कणगीतली गिटार

मी एक जुनी, विजेवर वाजणारी गिटार आहे. मित्रांनो, माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. तारा ताणलेल्या असल्याशिवाय आम्हाला बोलताच येत नाही, मग जिवाला स्वस्थता कुठून असणार? पण आज सांगते ती काळजी जरा वेगळी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कल्याणच्या एका ऑर्केस्ट्राने मला घेतलं आणि मी वर्षानुवर्षं हळदीच्या मांडवात वाजत राहिले. लोक नाचत, जेवत, माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. पुढे की-बोर्ड आला आणि मी स्पीकरच्या खोक्यांमागे जाऊन पडले. वर्षभर अंगावर धूळ साचली.

तिथून मला योगिनीने उचललं. ती शहापूर तालुक्यातल्या शेणव्याची, त्याच ऑर्केस्ट्रात कोरसमध्ये गायची. "ही कुणाला नको असेल तर मी नेते," असं ती म्हणाली आणि एकानेही हरकत घेतली नाही. तेवढीच माझी पत!

शेणव्याच्या घरी योगिनी आणि तिची आई जनाबाई, अशा दोघीच. बोटं सोलवटेपर्यंत योगिनी शिकली. शाळेत बरोबर असलेल्या भाविकला तिने ड्रम वाजवायला बसवलं, आणखी दोघे मिळाले आणि बँड तयार झाला. बँडचं नाव तिने कसाऱ्याजवळच्या छोट्या रेल्वे स्टेशनावरून 'उंबरमाळी' ठेवलं. "फास्ट गाडी जिथं थांबत नाय, तिथली मानसं आपण," ती म्हणायची. गाणी तिची स्वतःची होती, पण ऐकायला कुणी येत नव्हतं.

एका श्रावणात कार्यक्रमाहून परतताना ओढ्यावरच्या फरशीपुलावर भाविकची मोटरसायकल घसरली आणि मी पिशवीसकट ओढ्यात गेले. पोटात पाणी शिरलं. योगिनी रडत बसली. जनाबाई मात्र डगमगली नाही. आदल्याच महिन्यात भिजलेला मोबाइल तिने तांदळात ठेवून जिवंत केला होता. आता एवढ्या मोठ्या गिटारीला घरातला तांदूळ कसा पुरायचा? तिने सरळ मला भात साठवायच्या बांबूच्या कणगीत उभं केलं आणि गळ्यापर्यंत तुसासकट भात लोटला.

पाच दिवसांनी मी बाहेर आले ती वाळून खडखडीत, पण आवाजाच्या बटणात तूस जाऊन बसलं होतं. बटण फिरवलं की सुपात धान्य पाखडल्यासारखी खरखर यायची. जनाबाईचा चेहरा पडला. योगिनीने आणखी एकदा बटण फिरवलं, मग करंगळीने फिरवत तार छेडली आणि भाविककडे पाहिलं. भाविक म्हणाला, "ह्योच आवाज ठेव!"

त्या खरखरीने आमचं नाव झालं. पुणे, नाशिक, बेंगळुरू, कुठे कुठे वाजले मी! पेपरांनी त्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हटलं. जनाबाई त्याला आलटून-पालटून रॉक म्हणायची. नवी मुलं योगिनीसारखी करंगळी फिरवायला शिकली. कुणी म्हणे आपल्या बटणात वाळू घातली, एकाने तर चक्क बासमती घातला. प्रत्येक मुलाखतीत योगिनी कणगीची गोष्ट सांगायची आणि लोक खूश व्हायचे.

मला मात्र एक गोष्ट खुपायची. घरी सराव चालू असताना खरखर आली की जनाबाई पदराने कान झाकून घ्यायची. योगिनीला वाटे, आईला गोंगाट सोसत नाही. मला वेगळंच काही दिसत होतं, पण गिटारीला विचारतो कोण?

सोळा वर्षं अशी गेली. यंदा पहिल्यांदाच मुरबाडला, आपल्याच माणसांसमोर, कार्यक्रम ठरला. त्याच्या आठवडाभर आधी योगिनी कामाला पुण्याला गेली, तेव्हा जनाबाईने मला गोधडीत गुंडाळलं आणि शहापूरच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने माझं पोट उघडलं. ब्रशने झाडलं. तूस टेबलावर पडू लागलं तशी माझी भीतीने गाळण उडाली. ओरडणार कशी? विजेशिवाय माझा आवाज डासाएवढा.

"मावशी, ह्याच्यात तूस कुठून आलं?"

"माजीच करनी हाय," जनाबाई खाली मान घालून म्हणाली.

बुधवारी योगिनी परतली. करंगळीने बटण फिरवलं. सूर निघाला स्वच्छ, गुळगुळीत, कुठल्याही नव्या गिटारीचा निघावा तसा. तो माझा नव्हता.

"आये, हिला कुनी उघडली?"

"मीच. रईवारी आपली मानसं येतील, त्यांच्या म्होरं खरखरली असती. सोळा वर्सं जीव खातंय मला, माज्या हातनं बिघडली ती. आता नीट झाली बग."

"बिघडली? आये, त्या आवाजानं माजं नाव झालं! सगल्या जगाला सांगितलंय मी."

"मला कदी सांगितलंस गो?"

योगिनीने मला बाजूला ठेवलं. ती आईशेजारी खाली बसली. मग हळूच म्हणाली, "आये, परत घाल हिला कणगीत. तुज्या हातानं."

जनाबाईने माझ्यावरून हात फिरवला. "तवा वली होती ती. कोरडीला तूस चिकटायचं नाय." तिने बटण काढायला लावलं, बोट ओलं केलं, तुसात बुडवलं आणि आत फिरवलं. मग मला भातात उभं केलं.

ते चार दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. आवाज परत आला नाही तर? मी पुन्हा खोक्यांमागे जाणार? आणि जनाबाईला आता दोन चुका जन्मभर वागवाव्या लागणार?

रविवारी मैदान भरलं होतं. सिद्धगडाच्या पायथ्यापासून माणसं आली होती. जनाबाई पुढच्या रांगेत पदर मुठीत धरून बसली होती. तिसऱ्या गाण्यात करंगळी बटणाकडे आली. फिरली. काहीच नाही. मला वाटलं, संपलं. पुन्हा फिरली.

खर्रर्र. बारीक होती, पूर्वीएवढी नव्हती, पण होती.

"ही खरखर माज्या आयेची हाय," योगिनी माइकमध्ये म्हणाली. "ती समोर बसलीय."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पण झाडूनपुसून नवं करण्याआधी एकदा त्यांच्या माणसाला विचारा. आणि घरातल्या कुणाची चूक तुमच्या कामी आली असेल, तर ते जगाच्या आधी त्यांच्या कानावर घाला. जनाबाईचा पदर सवयीने कानाकडे निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं, आणि टाळ्या कुणासाठी आहेत हे बघायला ती मागे वळली.