उजवा कान

अंगदनं मेंढीचा डावा कान बोटांत धरून उलटा केला. शेंड्याला तिरपा काप आणि त्याच्या खाली गोल खाच. ही त्याच्याच घराची खूण होती, आज्यापासून चालत आलेली. मग त्यानं उजवा कान धरला, अंगठ्यानं कडेकडेनं चाचपला. तो कोरा होता.

"कुणाची मेंढी?" त्यानं विचारलं.

दोरी धरून उभा असलेला सोमनाथ ओळखीचं हसला. दौलताबादच्या पलीकडे अंगदची जी वस्ती, तिथल्याच फकिरानानाचा हा पोरगा. अंगदपेक्षा चार पावसाळे लहान.

"आमचीच की, दादा. तुमच्या तात्यानं दिलेली."

"मग काप कुठंय?"

सोमनाथनं वाकून पाहिलं आणि तो जरा गोंधळला. राहिला असेल, तात्या आजारी होता ना, असं काहीतरी तो पुटपुटला. अंगदला तेवढं पुरेसं होतं.

त्यांच्या वस्तीवर एक जुनी रीत होती. मेंढी विकली किंवा कुणाला दिली, की देणारा आपल्या हातानं तिच्या उजव्या कानाला बारीक काप द्यायचा. डाव्या कानावरची खूण मेंढी जन्मली कुणाच्या मेंढवाड्यात ते सांगायची, आणि उजव्या कानावरचा काप सांगायचा की मालकानं तिला राजीखुशीनं सोडलं. खुणेचा डावा कान आणि कोरा उजवा कान घेऊन मेंढी परक्याच्या दोरीला दिसली, तर त्याचा अर्थ वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"ही चोरीची आहे," अंगद म्हणाला. हळू म्हणाला नाही. छावणीचा गुरुवारचा बाजार ऐन भरात होता. शेजारी बोकडांचा सौदा करणारे दोघे हात थांबवून बघायला लागले. सोमनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आत्ताच्या आत्ता वस्तीवर चल, तुझ्या बापासमोर काय ते होऊ दे, असं अंगदनं त्याला बजावलं. सोमनाथनं वाद घातला नाही. मेंढी उचलून त्यानं ज्या छोट्या टेम्पोतून आणली होती त्यातच परत चढवली. त्याचं हे मुकाट्यानं ऐकणंही अंगदला संशयाचंच वाटलं.

टेम्पोच्या मागं मोटारसायकल लावून तो निघाला. पडेगावात त्याची खोली रस्त्यालगतच होती. बायको दारात उभी दिसली, पण तो थांबला नाही. टेम्पो नजरेआड होता कामा नये.

तात्यांना, त्याच्या बापाला, जाऊन अजून दोन महिने व्हायचे होते. दहाव्याला अख्खी वस्ती लोटली होती, पिशोरकडचे पाहुणेसुद्धा आले होते. जो तो त्रिंबकतात्याच्या दिलदारीचं काहीतरी सांगत होता. सत्यभामाबाई म्हणाली, नवरा गेला त्या साली तात्यानं गाभण मेंढी दारात बांधली. कुणी म्हणालं, पोरीच्या लग्नाला दोन दिल्या. कुणी म्हणालं, मागितली नव्हती तरी दिली. अंगद पहिल्यांदा भरून पावला. बापाचं असं नाव निघणं कुणाला नको असतं? पण ऐकता ऐकता त्याच्या मनात एक खडा पडला, आणि तो काही केल्या निघेना. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे ठीक. पण इथं तर जो उठतो तो त्या दुधाचा वाटेकरी निघत होता. आणि ज्यानं दिलं तो आता हो म्हणायला नव्हता, नाही म्हणायलाही नव्हता.

अंगद लहान असताना त्यांचा वाडा मेंढरांनी गच्च असायचा. काटेरी कुंपणाला पाठ लावून मेंढरं उभी राहायची, तेव्हा कुठं बाकीच्यांना बसायला जागा व्हायची. पुढं ती कमी होत गेली. रोग नाही, लांडगा नाही, आणि कमी होत गेली. दोन संसार उरलेल्या मेंढरांवर चालणार नाहीत हे दिसलं तेव्हा अंगद आयटीआय करून बिडकीनच्या कंपनीत लागला. पाळीची नोकरी, पत्र्याखालचं उकडणं, सगळं त्यानं निमूट सोसलं. पण गुरुवारी सुटी असली की पाय आपसूक छावणीच्या बाजाराकडे वळत. घ्यायचं काही नसायचं. मेंढरांचा वास घेऊन तो परत यायचा.

म्हणजे आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, असं आता त्याला वाटायला लागलं. बाप साधा होता, लोकांनी त्याला धुऊन खाल्लं आणि वर दहाव्याला येऊन ढेकर दिला. या विचारानं त्याचा जीव जळला. ज्या बापाचा त्याला एवढा अभिमान, तो लोकांच्या लेखी नुसता भोळसट होता की काय?

दौलताबादच्या दरवाजापाशी नेहमीसारखी कोंडी झाली. टेम्पो कमानीतून पलीकडे गेला आणि अंगद एका सहलीच्या बसमागं अडकला. गेला आता हा, असं तो धरून चालला. मेंढी कुठंतरी उतरवील आणि संध्याकाळी हात झटकून म्हणेल, कुठली मेंढी? बसच्या अंगावरून घासत तो कसाबसा पुढं आला, तर टेम्पो पेरूवाल्यांच्या गाड्यांपाशी कडेला उभा. सोमनाथ खाली उतरून मागं बघत त्याची वाट पाहत होता.

वस्तीवर पोचल्यावर सोमनाथ आपल्या घराकडे वळला आणि अंगद आधी आपल्या घरी गेला. बानाबाई अंगणात लोकर विंचरत बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच आईला सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला. पोलिसांत जायचं, पंच बसवायचे, एकेकाच्या वाड्यातला एकेक कान तपासायचा, असं सगळं तो बोलून गेला. बानाबाईनं लोकर बाजूला ठेवली. तिला धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही. ती घरात गेली आणि बाहेर आली ती तात्यांची लहान सुरी घेऊन.

"ही घेऊन जाय," ती म्हणाली. "ते असेच जायचे."

"कुठं जायचे?"

"मला नको इचारू. ज्याच्याकडं चाललास त्याला इचार."

"माय, तुला काय माहीत आहे?"

बानाबाईनं पुन्हा लोकर हातात घेतली. आता आईवरही संशय धरायची पाळी आली होती. सुरी खिशात टाकून तो निघाला.

फकिराचा वाडा वस्तीच्या टोकाला होता. गेल्या पावसाळ्यात रोग येऊन त्याची सगळी मेंढरं गेली होती हे अंगदला ठाऊक होतं. पण रिकामा वाडा त्यानं आज पहिल्यांदा पाहिला. कुंपण शाबूत, झाडलोट केलेली, आणि आत ती एकटी मेंढी. सोमनाथ दूर टेम्पोपाशी ड्रायव्हरशी बोलत होता. म्हातारा फकिरा वाड्याच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. अंगद दिसताच तो उठायला लागला, पण त्याचं लक्ष अंगदच्या चेहऱ्याकडे नव्हतं. तो त्याच्या हाताकडे बघत होता.

"नाना, खरं सांगा. तात्यानं दिली का ही?"

फकिरानं एकदा टेम्पोकडे पाहिलं. पोरगा ऐकण्याच्या टप्प्यात नाही याची खात्री करून घेतली.

"नाय," तो म्हणाला. "म्या नेली."

एवढ्या सरळ उत्तराची अंगदनं तयारी केली नव्हती. फकिराच पुढं बोलत राहिला, हळू, जमिनीकडे बघत. मेंढरं गेल्यावर त्याला रात्रीची झोप येईना. वाड्यात कुणी रवंथ करत नाही, कुणी खाकरत नाही. ते मुकं अंगण त्याला खायला उठायचं. मग एके दिवशी तात्याचा कळप चरून परत येत होता, तेव्हा त्यातली एक त्यानं मागं वळवून घेतली.

"मागायची व्हती," अंगद म्हणाला. "तात्या नाय म्हणले असते का?"

"त्यानं कव्हा कुणाला नाय म्हणलं? मागितली असती तर दोन दिल्या असत्या. मागवत नाय रं काही माणसाला. मागण्यापरीस चोरी सोपी वाटती. तुझ्या बापाला ते ठावं व्हतं."

"म्हणजे?"

"ही काय पहिली हाय का? सोम्या लहान व्हता तव्हाबी म्या एक नेली व्हती. चार दिसांनी त्रिंबक आला. मला वाटलं, झालं, आता वस्तीत तोंड दाखवायला जागा नाय. त्यो काय बोलला नाय. इथं बसला, खिशातून सुरी काढली, मेंढीच्या उजव्या कानाला काप दिला. म्हणला, फकिरा, तुला दिली तव्हा काप द्यायचं राहूनच गेलं बघ. चहा पेला अन् गेला. सोम्याच्या मायलाबी खरं वाटलं. लेकरालाबी."

अंगदनं खिशात हात घातला आणि तिथंच ठेवला. सत्यभामाबाईची मेंढी, पोरीच्या लग्नातल्या दोन, मागितली नव्हती तरी दिलेली ती. दहाव्याला ऐकलेलं एकेक बोलणं त्याला आठवायला लागलं. त्यातल्या खऱ्या दिलेल्या कोणत्या आणि नंतर काप देऊन दिलेल्या कोणत्या? बाप भोळा नव्हता. त्याला एकेक मेंढी ठाऊक होती, एकेक माणूसही. कळप रोडावताना तो डोळे उघडे ठेवून बघत होता, आणि आपला पोरगा कंपनीत निघाला तेव्हाही. हे शेवटचं मात्र अंगदला झोंबलं, आणि पुढं बरेच दिवस झोंबत राहणार होतं.

"या वक्ती बी वाट बघत व्हतो," फकिरा म्हणाला. "त्यो दवाखान्यात हाय, बरा होऊन आला का येईन, असं धरून बसलो. रोज रस्त्याकडं बघायचो. आलाच नाय."

सोमनाथला खरं ठाऊक नव्हतं. एकटी मेंढी रात्रभर ओरडते म्हणून त्यानं ती बाजारात नेली होती. म्हातारा नको नको म्हणत होता, पण का नको ते सांगू शकत नव्हता.

आता सोमनाथ टेम्पोकडून इकडेच यायला लागला. त्याला पाहून फकिरा आकसला. पोराच्या चाहुलीनं बाप असा आकसलेला अंगदनं कधी पाहिला नव्हता. त्यानं सुरी काढली, वाड्यात शिरून मेंढी गुडघ्यात धरली आणि उजव्या कानाला काप दिला. त्याला सवय नव्हती. काप वाकडा गेला, रक्त बोटांवर आलं, मेंढी ओरडली.

"काय झालं, दादा?" सोमनाथनं विचारलं. "नानानं सांगितलं ना? दिलेलीच हाय ना ती?"

फकिरानं तोंड उघडलं. अंगद त्याच्या आधी बोलला.

"हो, दिलेलीच आहे. जाताना तात्यांनी मला सांगितलं होतं, फकिराच्या मेंढीला काप देऊन ये म्हणून. माझ्याच ध्यानातून गेलं."

सकाळपासून दाबून धरलेलं सगळं सोमनाथच्या चेहऱ्यावर वर आलं.

"ध्यानातून गेलं? मग भरल्या बाजारात मला चोर काहून म्हणलास?"

अंगदनं मातीत बोटं पुसली.

"एका मेंढीवर जीव गेला तुझा," सोमनाथ म्हणाला. आता अंगदच्या तोंडाकडे तो संशयानं पाहत होता. "दिलेली मेंढी माघारी घ्यायला बघत व्हतास तू. बाप मेल्यावर महिना-दोन महिने बी दम धरवला नाय. तात्याच्या पोटी तू कसा निपजलास?"

आवाज ऐकून शेजारच्या दोन-तीन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत हे वस्तीभर होणार होतं. फकिरा एक पाऊल पुढं आला, पोराकडे वळला. अंगदनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि जरा जोरानं दाबला.

"चुकलं माझं," तो सोमनाथला म्हणाला.