डेन्मार्कवाल्याचा फोन

आइलिव्ह गेली कित्येक वर्षं एकच भाषण देत आला होता. गावच्या शाळेत दिलं, चर्चच्या तळघरात दिलं, जर्मनीहून आलेल्या बसच्या दारात उभं राहूनही दिलं. कोरडे कपडे पिशवीत ठेवा, खुणांची वाट सोडू नका आणि अडकलात तर लगेच फोन करा, लाजू नका, एवढाच त्याचा सारांश. हिमनदीखालच्या त्या नॉर्वेजियन खोऱ्यात बचाव पथकाचा प्रमुख तोच, त्यामुळे ऐकणाऱ्याला जांभई देण्याचीही सोय नव्हती.

सप्टेंबरातल्या त्या दुपारी हा प्रमुख हिमनदीच्या टोकाशी एका खळग्यात बसला होता आणि शेजारी त्याचा मेहुणा ओड्वार कमरेपर्यंत भिजून कुडकुडत होता. कोरडे कपडे गाडीत होते. "तासाभराची चक्कर, ओझं कशाला?" असं आइलिव्हच म्हणाला होता. खुणांची वाट सोडून ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलावरून न्यायची हौसही त्याचीच. पूल त्याच्या बापाच्या वेळेपासून होता. मात्र अलीकडे हिमनदी मागे सरत चालली होती आणि पूल वितळून पापडासारखा पातळ राहिला होता. आइलिव्ह पार झाला. ओड्वार ऑस्लोत बसून पगार घेणारा, वजनाने भारदस्त. तो खाली गेला, आणि घोटाही मुरगळला.

"फोन कर," ओड्वार म्हणाला.

"पाय टेकवून बघ ना एकदा."

"बघितला. कर फोन."

"आज सगळे डोंगरावरून मेंढ्या उतरवायला गेलेत रे."

"मग सांग त्यांना, एक मेंढी इथे आहे म्हणून."

खरं कारण मेंढ्या नव्हत्या. पथकाचा फोन उचलणार गुनवोर, किराणा दुकानवाली. म्हणजे संध्याकाळपर्यंत खोरंभर बातमी. आइलिव्हने थोडा विचार केला आणि ओड्वारचा फोन मागून घेतला, कारण तो नंबर गावात कोणाला ठाऊक नव्हता. सरकारी तातडीचा नंबर त्याने मुद्दाम टाळला. तिथे माणसाची जागा आपोआप कळते. त्याने थेट पथकाचा नंबर लावला आणि तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलू लागला. डेन्मार्कची माणसं तशीच बोलतात, असं खोऱ्याचं पक्कं मत आहे. त्यांच्या देशात डोंगर नाही, तेव्हा इथे येऊन हरवणं हा त्यांचा हक्कच.

"हॅलो, आम्ही पर्यटक. डेन्मार्कचे. माझा मित्र पाण्यात पडला."

"बरं. कुठे आहात?" गुनवोरने विचारलं.

इथे पंचाईत झाली. त्या खळग्याला नाव होतं, आणि ते खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डेन्मार्कवाल्याला ते कुठून माहीत असणार?

"इथे एक मोठा धोंडा आहे. आणि पाणी."

"दोन्हीची आमच्याकडे टंचाई नाही. तुम्ही खुणांच्या वाटेवर आहात का? तळ्याजवळ?"

"हो," आइलिव्ह म्हणाला, कारण पर्यटक तिथेच असतात. "तळ्याजवळच."

"बसून राहा. लाजू नका हं, फोन केलात ते बरं केलंत."

वाक्य त्याचंच होतं. त्यानेच तिला शिकवलं होतं.

ओड्वार त्याच्याकडे टक लावून बघत होता. "आत्ता कोण होतास तू?"

"येतील ते. तळ्याकडून वर आले की दिसूच आपण."

"इथून तळं दिसतं?"

आइलिव्हने आपलं जाकीट काढून त्याला गुंडाळलं.

बऱ्याच वेळाने उंचवट्याच्या पलीकडून हाका आल्या. बहिऱ्याशी बोलावं तशा सावकाश, सुट्या सुट्या. पाहुण्यांना कळाव्यात म्हणून. आइलिव्ह ओरडला, पण ओढ्याच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येईना. हाका तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे लांब गेल्या.

मग ओड्वारचं कुडकुडणं थांबलं.

"बरं वाटतंय आता," तो पुटपुटला. "ऊब आली."

गारठलेलं शरीर हार मानू लागलं की येणारी ही ऊब कसली असते हे आइलिव्हइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्याने स्वतःचा फोन काढला.

"गुनवोर, आइलिव्ह बोलतोय."

"बरं झालं, तू पण ये. तळ्याजवळ दोघे डेन्मार्कवाले..."

"तळ्याजवळ कोणी नाही. मी आणि ओड्वार जुन्या पुलाच्या खळग्यात आहोत. मघाशी मीच बोललो."

ती हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही.

"कुडकुडतोय का तो?"

"थांबलाय."

"उशीर केलास," ती म्हणाली, आणि वॉकीटॉकीवर खळग्याचं नाव तिने इतरांना सांगितलेलं त्याला ऐकू आलं. फक्त नाव.

ओड्वारला इस्पितळात पोचवलं. वाचेल, म्हणाले, पण थोडक्यात. मग रिवाजाप्रमाणे पथक शेडमध्ये कॉफीला बसलं. काय जमलं, काय चुकलं ते प्रत्येकाने सांगायचं, आणि सुरुवात प्रमुखाने करून द्यायची. प्रमुख कपात बघत होता. शेवटी एकजण म्हणाला, स्ट्रेचर बरं आहे. दुसरा म्हणाला, हवेने साथ दिली. मेंढ्या अर्ध्या उतारावर टाकून धावत आलेला म्हातारा सिव्हर्ट म्हणाला, "माहिती जरा कमी पडली."

"कमी नव्हती," आइलिव्ह म्हणाला. "खोटी होती. तुमच्या हाका मला ऐकू येत होत्या."

सिव्हर्टने मान हलवली. "खरा डेन्मार्कवाला असता ना, तर खरी जागा सांगितली असती. जमेल तशी. लाज नसते बिचाऱ्यांना, म्हणून जगतात."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

"मी प्रमुखपद सोडतो," आइलिव्ह म्हणाला.

"आज नको," गुनवोर म्हणाली. "आज ते फार सोपं जाईल तुला. घरी जा आधी. तोर्डिसला भावाचं कोणी कळवलेलं नाही. आम्ही म्हटलं, ते नवऱ्यानेच सांगावं."

वाटेत गाडीत तो वाक्य जुळवत राहिला. जुळलेल्या प्रत्येक वाक्यात दोष बर्फाचा होता, ओढ्याचा होता, नाहीतर ओड्वारच्या वजनाचा. गाडीचा आवाज ऐकून तोर्डिस दारात आली आणि त्याच्यामागे रिकाम्या गाडीत बघू लागली.

"ओड्वार कुठाय?"

"आत चल, सांगतो."

"इथेच सांग," ती म्हणाली.