बिनबुडाचा डबा

दोष आजोबांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गोष्टीत फुलं येतात, टोमॅटो येतात, सगळे हसतात, आणि मग तुम्हीही म्हणाल, "जाऊ दे रे, म्हातारं माणूस आहे." का म्हणून जाऊ द्यायचं? बूड माझं गेलंय, तुमचं नाही.

मी तेलाचा डबा बोलतोय. पत्र्याचा, चौकोनी, बाजूला सूर्यफुलाचं चित्र असलेला. पत्र्याचा असल्यामुळे आवाज मोठा, आणि रिकामा असताना तर विचारूच नका. मोठ्यांसमोर हळू बोलावं असं मला कोणी शिकवलं नाही. मला एकूणच कोणी फारसं काही शिकवलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, कडा दुमडल्या आणि शेवटी एका माणसाने बूड बसवलं. बसवता बसवता तो शेजारच्याला म्हणाला, "बूड पक्कं तर डबा पक्का." एवढीच माझी शाळा. हेच एक वाक्य शिकलो आणि तेच पुढे खोटं निघालं.

डब्यांचं आयुष्य तसं आखून दिलेलं असतं. तेल भरायचं, रिकामं व्हायचं, धुऊन पुन्हा भरायला जायचं, आणि म्हातारपणी धान्याचा डबा होऊन फळीवर गप्प बसायचं. माझ्याबरोबरचे डबे त्या वाटेने गेले. चांगले मार्गाला लागले म्हणतात तसे. माझा मात्र पहिल्याच तेलात डब्बा गुल झाला.

ज्या घरी मी आलो त्या घराला चाकं होती. ही रस्ता बांधणाऱ्यांची वस्ती. रस्ता पुढे सरकला की ट्रॅक्टर येतो आणि पत्र्याच्या खोल्या एकेक करून पुढच्या मुक्कामाला ओढत नेतो. आमच्या खोलीत दोन बाकं, एक स्टोव्ह, एक भिंतीला दुमडून ठेवायची फळी आणि तीन माणसं. एकाला कूस बदलायची असेल तर बाकीच्या दोघांना आधी कळवावं लागतं.

आजोबांची सगळी हयात डांबर ओतण्यात गेली. आता ते काम करत नाहीत, फक्त दुसऱ्यांच्या कामात खड्डे शोधतात. वस्तीतले लहानथोर त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांचा मुलगा रोलर चालवतो. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण रोलर तसाच चालतो आणि खाली उतरल्यावर हाही तसाच चालतो. आणि सावकाशची बायको, म्हणजे सूनबाई. घरात वेगाने हलणारी वस्तू तेवढी एकच.

सूनबाईला एकच वेड. प्रत्येक मुक्कामाला ती खोलीशेजारी जमीन उकरून काहीतरी लावायची. एका ठिकाणी काकडी लावली, फुलावर आली आणि ट्रॅक्टर आला. पुढच्या ठिकाणी मिरची लावली, बोटाएवढी झाली आणि ट्रॅक्टर आला. भोपळ्याचा वेल तर खोलीच्या चाकावर चढला होता, तो कापून खोली हलवावी लागली. त्या दिवशी ती जेवली नाही. लावायचं हिने आणि खायचं वाटसरूंनी.

मी रिकामा झालो त्या दुपारी तिने मला उन्हात उपडा घातला आणि जाहीर केलं, "आता बाग डब्यात. घर जाईल तिथे बाग जाईल."

"झाड जमिनीत वाढतं," आजोबा बाकावरून म्हणाले. "डब्यात तेल असतं."

"जमीन येत नाही ना आपल्याबरोबर, मामंजी."

"बाजारात टोमॅटो मिळत नाहीत का?"

"मिळतात की. बाजारात नवरेही मिळत असतील. मी आपला घरचाच चालवते."

सावकाश दारात चहा पीत होता. त्याला ठसका लागला.

"मला एकदा माझ्या हाताने लावलेलं माझ्या तोंडात घालायचंय," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "एवढी वर्षं लावतेय. एकदाही चव बघितलेली नाही."

म्हातारी माणसं हरायला लागली की अटी घालतात. आजोबांनी घातली. "ठीक आहे. घर हलायच्या आत याला फळ दिसलं, तर तुझं राज्य. नाही दिसलं, तर हे सगळं लटांबर इथेच टाकायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही. आधीच घरात पाय ठेवायला जागा नाही."

जागा नाही हे खरं होतं. पण जागा सगळ्यात जास्त कोण अडवत होतं, ते मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सावकाशने माझं झाकण कापलं, कडा आत ठोकल्या आणि मला पालथा पाडून खिळ्याने माझ्या बुडाला भोकं पाडली. ठक, ठक, ठक. एवढं अपमानास्पद काही नसतं. भोक पडलेला डबा म्हणजे नापास पोरगा. आता पुन्हा तेल नाही, धान्य नाही, फळी नाही. मी मोठमोठ्याने वाजत राहिलो. कोणी ऐकलं नाही. तरुणांचं ऐकायची पद्धतच नाही.

मग तिने मला भरलं. नुसती माती भरली असती तर मला उचलायला क्रेन लागली असती, म्हणून तिने माती, कुजलेला पाला आणि लाकडाचा भुसा कालवून घेतला. मध्यभागी टोमॅटोचं एक रोप खोचलं, करंगळीएवढं. पाणी घातलं. ते पाणी मातीतून झिरपत खाली आलं आणि भोकांतून थेंब थेंब बाहेर पडलं.

आणि काय सांगू, मला गुदगुल्या झाल्या.

तेल माझ्यात राहायला आलं होतं ते निघून जाण्यासाठीच. हे रोप मात्र आत पाय पसरायला लागलं. त्याची मुळं माझ्या भिंतीपर्यंत आली, कोपरे चाचपून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी वाजलो नाही. भरलेला डबा वाजत नाही, हे तेव्हा कळलं. नापास झाल्याचं दुःख आठवडाभरात संपलं.

माझ्या मागोमाग बाकीचे नापास आले. फुटक्या हेल्मेटात कोथिंबीर उगवली, ते दोरीने खिडकीला टांगलं. फाटक्या गमबुटात मिरची. चिरलेला पाण्याचा कॅन आडवा कापून त्यात पुदिना. बाहेरून बघितलं तर आमच्या खोलीला केस फुटल्यासारखे दिसत होते. मुकादम रोज जाता-येता म्हणायचा, "सावकाश, घर कुठल्या बाजूने आहे रे तुझं?" आणि जाताना चहात टाकायला पुदिन्याची चार पानं खुडून न्यायचा.

माझी जागा दाराच्या पायरीवर, कारण ऊन तिथे. रोप माझ्यापेक्षा उंच झालं. पिवळी फुलं आली. सूनबाई भांडी घासता घासता मान वळवून मला बघायची आणि स्वतःशीच गुणगुणायची. बेसूर. पण मी कुठे सुरेल आहे!

आणि मग आजोबांनी काम केलं.

सकाळी ते पायरीवर बसले होते. माझ्यातून झिरपलेलं पाणी त्यांच्या चपलेवर पडलं. त्यांनी वाकून पाहिलं. डबा गळतोय! या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट केली होती : भोक दिसलं की बुजवायचं. घरात कोणी नव्हतं. त्यांनी वस्तीच्या भट्टीवरून वाडगाभर गरम डांबर आणलं, मला विटांवर तिरका केला, बूड फडक्याने पुसलं आणि एकेक भोक असं बुजवलं, असं बुजवलं, की सरकारी रस्त्याला तेवढी माया मिळत नाही. वरून अंगठ्याने सारखं केलं. मग कोणाला काही न सांगता जाऊन झोपले. मोठी माणसं चांगलं काम सांगत नाहीत. वाईट काम तर अजिबातच सांगत नाहीत. यातलं हे कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सूनबाईने पाणी घातलं. ते खाली आलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. तेही थांबलं. मुळं माझ्या तळाशी चिखलात उभी होती, त्यांना श्वास मिळत नव्हता. पानं पिवळी पडली. पानं पिवळी पडली म्हणून तिला वाटलं, तहान लागली असेल. तिने आणखी पाणी घातलं.

मी ओरडलो असतो. पण भरलेला डबा वाजत नाही, हे आत्ताच सांगितलं ना. वाजायला हवं होतं तेव्हा नेमका मी भरलेला होतो.

फुलं गळायला लागली. त्यातच मुकादम सांगून गेला, "उद्या ट्रॅक्टर येतोय. बांधाबांध करा." आजोबा माझ्यासमोर उभे राहिले, मान हलवली आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं."

जगातलं सगळ्यात आळशी वाक्य आहे हे. ज्याने काहीच केलं नाही त्यालाच ते म्हणता येतं. यांनी तर करूनही म्हटलं.

सूनबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. तिने मला रस्त्याच्या कडेला ठेवण्यासाठी उचललं, आणि तिथेच थबकली.

"अहो, हा एवढा जड कसा?"

सावकाश आला. दोघांनी मला तिरका केला. एक थेंब गळला नाही. तिने खाली वाकून बघितलं. माझ्या बुडावर काळे गोल चकचकत होते, नव्या नाण्यांसारखे.

"मामंजी! हे कोणी केलं?"

"मी," आजोबा छाती काढून म्हणाले. "गळत होता."

"गळायलाच हवा होता!"

"भोकं होती त्याला, सूनबाई. दिसली नाहीत का तुला?"

"मीच पाडायला लावली होती!"

"चांगल्या डब्याला?" आजोबांनी मुलाकडे पाहिलं. "अरे, हिला बरं नाहीये का?"

सूनबाईने पदर खोचला. मला वाटलं, आता म्हाताऱ्याची खैर नाही. पण ती एकदम शांत आवाजात म्हणाली, "मामंजी, तुम्ही रस्ता करता. ओढा आला की रस्त्याखाली पाण्याला वाट ठेवता. ती का नाही बुजवत?"

"ती? ती मोरी असते." आजोबांना प्रश्नच मूर्खपणाचा वाटला. "मोरी बुजवली तर पाणी तुंबून रस्ताच जाई..."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. रोपाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्या बुडाकडे.

"मग आधी सांगायचं ना, मोरी आहे म्हणून!" ते ओरडले. "मला वाटलं भोक!"

आता मला सांगा, चूक कबूल करायची ही पद्धत झाली? पण सावकाश पोट धरून खाली बसला, सूनबाई डोळ्यांत पाणी असताना हसायला लागली, आणि म्हातारा सगळ्यांवर खेकसत माझ्यासमोर उकिडवा बसला.

"डांबर खरवडून काढा," सावकाश म्हणाला.

"मी लावलेलं डांबर निघत नसतं," आजोबा म्हणाले. संकटातही माणसाची घमेंड बघा. "बूडच कापायला लागेल. कात्री आण."

मला कोणी विचारलं नाही. आडवा पाडला आणि पत्रा कापायच्या कात्रीने आजोबांनी माझं बूड कडेकडेने कापून काढलं. तुंबलेलं पाणी भसकन त्यांच्या मांडीवर आलं. वास असा, की मुकादम लांबून विचारायला लागला कोण मेलं म्हणून. मग त्यांनी मातीला लागून बारीक खडी दाबली, त्यावर जरा जाड खडी, आणि कापलेल्या बाजूला खडी चाळायची जाळी तारेने आवळून बांधली. बांधताना पुटपुटत होते, "उलटा रस्ता आहे हा. एवढंच ना."

दुसऱ्या दिवशी खोली हलली, तेव्हा मी मागच्या दांड्याला लटकत होतो. अटीचा विषय कोणी काढला नाही. फळ दिसलं नव्हतं, पण आजोबा ट्रॅक्टर सुरू होण्याआधी स्वतः येऊन माझ्याभोवती पोतं गुंडाळून गेले, वारा लागू नये म्हणून. वाटभर मी डुलत होतो. मागे आमचाच नवा रस्ता, काळाभोर, आणि त्यावर माझ्या जाळीतून पडलेले थेंब. आयला, असा प्रवास कुठल्या फळीवरच्या डब्याने केलाय?

नव्या मुक्कामाला ऊन दुसऱ्या बाजूला होतं, म्हणून मी खिडकीखाली. जुनी पानं झडली, नवी आली. मग फुलं. मग एका फुलाच्या मागे हिरवा मणी. सूनबाईने तो पाहिला आणि कोणालाही बोलावलं नाही. दोन बोटांनी नुसता हात लावला आणि गुणगुणायला लागली. तसंच, बेसूर.

पहिला टोमॅटो लाल झाला, तेव्हा आजोबा आणि सावकाश दोघंही माझ्याभोवती घोटाळत होते.

"मीठ आणू का?" आजोबांनी विचारलं.

"नको."

"तीन फोडी करायला सुरी?"

"नको."

तिने टोमॅटो तोडला, पदराला पुसला आणि उभ्याउभ्याच चावला. रस कोपरापर्यंत ओघळला. तिने डोळे मिटले. एकटीने सगळा खाल्ला, देठापर्यंत. कोणाला विचारलं नाही, वाटला नाही, देवाण-घेवाण काही नाही. घरातल्या बाईने पहिला घास स्वतः खाल्लेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आजोबा तोंड उघडं ठेवून बघत होते. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो, मला फार आनंद झाला.

दुसरा तिने आजोबांना दिला. "आंबट आहे," ते म्हणाले आणि तिसऱ्याला हात घातला.

आता परिस्थिती अशी आहे की वस्तीतल्या प्रत्येक खोलीला काहीतरी लटकलंय. आणि आजोबा खिळा-हातोडी घेऊन हिंडतात. कुठेही कुंडी दिसली की "मोरी ठेवलीय का?" परवा त्यांनी मुकादमाच्या चांगल्या किटलीला मोरी ठेवली. म्हाताऱ्याला एक गोष्ट शिकवली की दुसरी निस्तरावी लागते.

माझे कोपरे गंजलेत. सूर्यफूल अर्धं उडालंय. अंगात सध्या वांग्याचं रोप आहे, त्याला काटे आहेत, पण स्वभाव चांगला आहे. ज्याला बूड ना शेंडा त्याला लोक नावं ठेवतात. माझ्याकडे शेंडा आहे, आणि तो उन्हात हलतोय.

तुमची खोली लहान असेल, भाड्याची असेल, चाकांवरची असेल. असू दे. कोपऱ्यात माझ्यासारखा कोणी रिकामा वाजत पडला असेल, त्याला भंगारात घालू नका. खाली मोरी ठेवा, हलकी माती भरा, ऊन असेल तिकडे न्या. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी शब्द नीट सांगा.

तिला तिचा टोमॅटो मिळाला. माझं बूड मागच्या मुक्कामाला रस्त्याच्या कडेला पडलंय. ते परत आलेलं नाही.