बदललेल्या पेशी

मांडवगण फराट्याच्या मालनबाईंनी शिरूरच्या शिबिरात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली, ती निव्वळ सून सुलक्षणा मागं लागली म्हणून. रिपोर्ट आला. त्यात पेशी ॲबनॉर्मल असल्याचं लिहिलं होतं.

“म्हंजी?”

“म्हंजी नॉर्मल न्हाईत, आत्या. पुढची तपासणी करायला सांगितलीय,” सुलक्षणा म्हणाली.

“कळलं,” म्हणून मालनबाई उठल्या आणि मरायच्या तयारीला लागल्या.

रडारड त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी नवऱ्याला, पोपटरावांना, ओट्यापुढं उभं केलं आणि भाकरी थापायला शिकवलं. पहिली भाकरी बघून म्हणाल्या, “माझ्या दहाव्याला तुम्ही काय करू नका.” पोपटरावांनी मान डोलावून दुसरा गोळा घेतला. त्यांचे डोळे भरले होते. धुरानं, असं ते म्हणाले. शेगडी गॅसची होती.

सुलक्षणा सासूला दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी औषध लावून, भिंगाच्या मशिनीतून बघून बारीकसा तुकडा काढला. आठवड्यानं पुन्हा बोलावलं.

त्या दिवशी मालनबाईंनी बसल्याबसल्याच विचारलं, “किती दिस हायेत?”

“कशाला?”

“मला.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “मावशी, हा कॅन्सर नाही. एका विषाणूमुळं पेशी थोड्या बदलल्यात. बहुतेक वेळा शरीरच त्या दुरुस्त करतं. नाही झाल्या आणि बिघाड वाढला, तर तेवढा भाग काढता येतो. वेळेत आलात. आता वर्षानं पुन्हा तपासणी. तेवढी मात्र चुकवायची नाही.”

मालनबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “मग ॲबनॉर्मल कशाला लिवता? माणूस सरपण गोळा करायला लागतं.”

“खरंय,” बाई म्हणाल्या आणि सुलक्षणेकडं वळल्या. “तुमची झालीय का तपासणी?”

सुलक्षणा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

“तुमचं वय?”

“पस्तीस. पण मला काय त्रास न्हाई.”

“मला तरी कुठं व्हता?” मालनबाईंनी सुनेच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली. “जा आत. दुखत न्हाई. जरा गार लागतं.”

सुलक्षणा आत गेली. मालनबाई बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, “पेशंट कोण?”

“आता ती,” मालनबाई म्हणाल्या.