मान हलली

"रडका व्हिडिओ नको मला. लोक जेवायच्या आधीच उठून जातेत," अमरेश म्हणाला. "झटके टाका चांगले. टाळ वाजला की झटका, टाळ वाजला की झटका."

हरिओमनं माउसवरचा हात काढून घेतला. समोरच्या पडद्यावर अमरेशचे वडील बसलिंगप्पा खुर्चीत बसले होते. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार, डोळे मिटलेले. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि चित्रण अंत्ययात्रेचं होतं. लिंगायत वाण्यांमध्ये माणूस गेला, म्हणजे लिंगैक्य झाला, की त्याला आडवं करत नाहीत. बसवतात. बसलेलाच फुलांच्या पालखीवजा विमानात ठेवून टाळमृदंगाच्या गजरात नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात.

"मौतीत झटका कसा टाकू शेठ?"

"अप्पा झटक्यानंच गेले की वो," अमरेश म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "आन् चेहरा मोठा करा. स्क्रीनभर दिसला पाहिजे. पहिलं पुण्यस्मरण हाय, सगळं उदगीर येणार."

हरिओम तसा वाईट माणूस नव्हता, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची हिंमत देवानं त्याला दिली नव्हती. हदगाव सोडून तो उदगीरला आला तेव्हा लग्नाच्या शूटिंगला जायचा. पुढं पाठ धरली म्हणून खुर्चीत बसून मिक्सिंग, म्हणजे चित्रणाचे तुकडे जोडायचं काम, करू लागला, आणि झटका त्याच्या हाताला लागला तो तेव्हा. एक दृश्य संपून दुसरं येताना सगळं चित्र थरथरवायचं, कॅमेरावाल्याला कुणीतरी धक्का मारल्यासारखं. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की काम फत्ते. नवरदेव घोड्यावर चढला की झटका, हळद उडाली की झटका, वऱ्हाडी नाचले की झटक्यावर झटका. लोकांना इतकं आवडलं की गावात त्याचं आडनाव कुणाला माहीत नव्हतं; झटकेवाला हरिओम म्हटलं की पुरे. दुकानाच्या पाटीवरही तेच होतं. माणसाच्या आयुष्याची कमाई काय, तर एक थरथर.

त्यानं चेहरा मोठा केला. टाळाच्या प्रत्येक ठोक्यावर झटका बसवला. एकदा सगळं चालवून पाहिलं, ताल जुळतोय एवढंच पाहिलं आणि फाईल देऊन टाकली.

पुण्यस्मरणाला मांडव गच्च भरला. महाराजांचं प्रवचन झालं, जेवणाचा वास सुटला आणि दिवे मालवून पडदा उजळला. पुढच्या गादीवर बसलिंगप्पांची बायको शरणम्मा बसली होती. भुसाराच्या दुकानात आयुष्यभर नवऱ्याची बोलणी खाल्लेली बाई. बसलिंगप्पा असे की घरात गोड शब्दही तोलूनमापून खर्च करायचे आणि बहुतेक वेळा करायचेच नाहीत.

टाळ वाजला. पडदाभर पसरलेला बसलिंगप्पांचा चेहरा खाली झाला, वर झाला. पुन्हा टाळ, पुन्हा खाली, पुन्हा वर. चेहऱ्यामागं ना भिंत दिसत होती ना खुर्ची. चित्र हलतंय असं वाटायला मागं काहीच नव्हतं. डोळे मिटून बसलेला माणूस मान हलवत होता, एवढंच दिसत होतं.

शरणम्मा उभी राहिली.

"मान हलवली," ती म्हणाली. मग ओरडलीच, "ह्यांनी मान हलवली! मी सांगत होते, अंग गरम लागायलंय मनून सांगत होते! कुणी ऐकलं न्हाई माझं!"

खरंच सांगितलं होतं तिनं. मे महिन्यातला दिवस होता, सकाळी माणूस गेला आणि ऊन कलायच्या आत न्यायची घाई चालली होती. नवऱ्याच्या गळ्याला हात लावून ती म्हणाली होती, थांबा जरा. तेव्हा अमरेशनं "अव्वा, उन्हानं तापलंय" म्हणून तिचा हात बाजूला केला होता. डॉक्टर येऊन गेले होते, कागद झाला होता. बाईच्या तळहाताला कोण विचारतो?

मांडवात मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. दोघाचौघांनी मोबाईल वर केले. पडद्यावर बसलिंगप्पा मान हलवतच होते. आणि शरणम्मा दोन्ही हात पसरून लोकांना म्हणत होती, "जित्या माणसाला पुरलं वो तुमी. जित्या माणसाला."

रात्र उलटायच्या आत तो तुकडा गावभर फिरला. कुणी त्याला ढोलकी लावली, कुणी खाली लिहिलं, 'शेठ हो म्हणाले'. हरिओमच्या मोबाईलवरही तो आला. पाठवणाऱ्यानं शाबासकीचा अंगठा जोडला होता.

त्यानंतर शरणम्मेनं जेवण टाकलं. रोज तांब्या घेऊन शेतातल्या समाधीवर जायची, चौथऱ्याला कान लावून बसायची. "तहान लागली असंल," म्हणून फरशीवर पाणी ओतायची. एक दिवस शेजारच्या रानातल्या भामाबाईनं पाहिलं, तर ही खुरप्यानं फरशीच्या कडा उकरायला लागलेली. बोटं रक्ताळली होती.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी अमरेश आईला घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढला.

"तुमी केलं, तुमीच निस्तरा," तो हरिओमला म्हणाला. झटके टाका म्हणणारं तोंड दुसऱ्याचंच असावं, असा त्याचा आव होता. "सगळ्या समाजात नाचक्की करायली ही."

हरिओमनं शरणम्मेला खुर्ची दिली. मूळ चित्रण लावलं. बसलिंगप्पा खुर्चीत, डोकं पडू नये म्हणून फडक्यानं मागं खुर्चीला बांधलेलं, मान दगडासारखी स्थिर.

"बघा अव्वा. हे खरं हाय. त्ये हलणं मी टाकलेलं हाय, बटण दाबून."

ती पाहत राहिली. मग म्हणाली, "हितं थांबवलंस व्हय?"

"थांबवलं न्हाई वो. ते थांबलेलेच होते."

त्यानं टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याचा फोटो काढला, संगणकात घेतला, झटका दिला. पडद्यावर तांब्या थरथरला. "बघा, तांब्याला जीव हाय का? पर हलून राहिला ना?"

"हलत्याला थांबवाया बी येत असंल की तुला," शरणम्मा म्हणाली. "तू काय बी करतूस. मला कसं कळावं खरं कोणतं?"

बाई अडाणी होती, पण तिनं बोट नेमकं धंद्याच्या वर्मावर ठेवलं होतं. अमरेश दारात उभा राहून मोबाईल चाळत होता. हरिओमचं लक्ष तिच्या बोटांवर गेलं. चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि चिंध्यांतून माती दिसत होती. काही केलं नाही तर ही बाई नखांनी समाधी उकरून काढणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि घाबरलेल्या माणसाच्या हाताला जे लागेल ते त्यानं उचललं.

"अव्वा, तुमच्या पोरीच्या, दामिनीच्या लग्नाचा व्हिडिओ आठवतो ना? मीच केलता."

शरणम्मेचा चेहरा पहिल्यांदा निवळला. "न आठवाया काय झालं? पोरगी निघाली तवा रडले हे. उपरण्यानं डोळे पुसले. जन्मात एकदाच रडले. आजबी लावून बघते मी त्ये. मनात येतं, बोलत न्हवते, पर आत होतं काहीतरी."

"त्ये..." हरिओमची जीभ अडखळली, पण आता मागं फिरता येत नव्हतं. "त्ये सकाळचं हाय, अव्वा. भट्टीपाशी आचारी मिरच्या तळायलते, धूर गेला अप्पांच्या डोळ्यात, मनून पुसत होते. मी त्ये काढून पाठवणीत जोडलं. चांगलं दिसतं मनून. तसंच ह्ये बी. मी जोडतो अव्वा, माझा धंदाच त्यो हाय."

शरणम्मेनं विचारलं, "मग पोरगी निघाली तवा कुठं होते हे?"

"जाऊ द्या ना आता."

"दाखव."

जुनी चित्रणं तो टाकून देत नसे. शोधायला वेळ लागला. मग पडद्यावर मंगल कार्यालयाचं दार आलं. दामिनी आईच्या गळ्यात पडलेली, रडता रडता सारखी मागं वळून कुणाला तरी शोधत असलेली. मागं टेम्पोपाशी बसलिंगप्पा पाठ करून उभे होते आणि टेम्पोवाल्यावर ओरडत होते, "दोन बादल्या कमी हायेत! कुठं गेल्या?" तेवढ्यात सगळं चित्र जोरात थरथरलं.

"ह्ये बी हललं," शरणम्मा आशेनं म्हणाली. "ह्ये बी तूच टाकलंस?"

"न्हाई अव्वा." हरिओमनं मान खाली घातली. "गर्दीत मला धक्का लागलता. ह्ये खरंच हललंय. मनूनच व्हिडिओत घेतलं नव्हतं."

दामिनी गाडीत बसली. गाडी हलली. बसलिंगप्पांनी वळून पाहिलं नाही.

अमरेशनं मोबाईल खिशात टाकला. "बघ, पटलं का आता? तेच सांगायलतो मी. चल, मिटलं एकदाचं."

"हाव," शरणम्मा म्हणाली. "मिटलं."

ती उठली. पडद्यावर पाठ करून थांबलेल्या नवऱ्याकडं तिनं एकदा पाहिलं. सवयीनं पदराचं टोक हातात आलं होतं. लग्नाचा व्हिडिओ लावला की नवऱ्याचे डोळे दिसायचे तिथं ती पदरानं टीव्हीची काच पुसायची. तिनं पदर सोडून दिला, चिंध्या गुंडाळलेल्या बोटांनी चपला सरळ केल्या आणि पायात घातल्या.

"मेलेलेच होते बाबा," ती हरिओमला म्हणाली. "मलाच लई उशिरा कळलं."

आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.